आरंभबिंदूजवळची सीमा आणि आलेखातला खोटा उतार

बहुचल कलन शिकवताना झ = क्ष·य ÷ (क्ष² + य²) या फलाला (०, ०) येथे सीमा नाही, म्हणजे तिकडे वेगवेगळ्या वाटांनी गेले की वेगवेगळी किंमत येते, हे मी ब्राउझरमधल्या त्रिमितीय आलेखाने दाखवत असे; परंतु पडद्यावर आरंभबिंदूपाशी नेमके दातेरी सुळके किंवा गुळगुळीत उतार दिसे, आणि विद्यार्थी त्यालाच फलाचा गुणधर्म समजत. ही साधने चौकोनी जाळीच्या बिंदूंवरच उंची काढून मधली जागा त्रिकोणांनी भरतात. जाळी बारीक केली की सुळके बारीक होत, जात मात्र नसत. शिवाय वर्गातला जुना संगणक कुंथू लागे तो वेगळाच.

उपाय ध्रुवीय निर्देशकांत, म्हणजे बिंदू आरंभबिंदूपासूनचे अंतर र आणि दिशेचा कोन θ यांनी सांगण्यात, सापडला. क्ष = र कोज्या θ, य = र ज्या θ ठेवले की झ = ½ ज्या २θ उरते, त्यात र नाहीच; म्हणून हे पृष्ठ प्रचल रूपात, म्हणजे क्ष, य, झ हे तिन्ही र आणि θ वरून काढून, रेखाटले. आता प्रत्येक दिशेची किरणरेषा आपापल्या उंचीवर आडवी राहून झ-अक्षापर्यंत येते : य = क्ष वर ½, अक्षांवर ०, य = −क्ष वर −½. θ ला स्लायडर जोडून एकच किरण फिरवला, तेव्हा वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागले नाही. (दुप्पट उंचीचे हेच पृष्ठ प्ल्युकरचा शंक्वाभ म्हणून प्रसिद्ध आहे.)

क्ष²·य ÷ (क्ष⁴ + य²) ला ही युक्ती पुरत नाही, कारण तेथे प्रत्येक सरळ रेषेवरून सीमा ० येते; य = क्ष² वरून मात्र ½ येते, म्हणून (ट, ट², ½) हा वक्र ठळक रंगात वेगळा काढतो, ट = ० वगळून.