पाऊस गेला, आता विहिरीत दोरी सोडा

मुंबईतून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो, आणि तेव्हा आपल्या गोराई, मनोरी, मढच्या विहिरी भरलेल्या असतात त्यामुळे पाणी मोजायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. पण मोजायची खरी वेळ हीच. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पण निरीक्षण विहिरींची पातळी पावसाळा संपला की घेते, मग जानेवारी, मार्च, मे, आणि मागच्या ५ वर्षांच्या सरासरीशी ताडून बघते. त्यातून तालुक्याचा अंदाज कळतो, तुमच्या विहिरीचा हिशोब तुम्हालाच ठेवायचाय.

रात्री पंप बंद ठेवा. सकाळी उपसा सुरू करायच्या आधी दोरीला वजन बांधून सोडा, जिथून दोरी ओली झाली तिथपर्यंत टेपने मोजा, कठड्याची उंची वजा करा, तारखेसकट वहीत लिहा. खाडीजवळ असाल तर भरती होती का ओहोटी तेही लिहा, काही विहिरी भरतीबरोबर वरखाली होतात.

पातळीपेक्षा मला जास्त काळजी खारटपणाची वाटते. गोडं पाणी हलकं, समुद्राचं जड, म्हणून किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. वाळूच्या जमिनीत ढोबळ हिशोब असा की समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल तर खाली जवळजवळ ४० फूट असतं, म्हणजे वरचं १ फूट ओढलं की खालून खारं पाणी कितीतरी वर सरकतं. काळ्या पत्थरात पाणी भेगांतून फिरतं, तिथे हा हिशोब इतका सरळ चालत नाही, शेजारच्याची विहीर गोडी आणि तुमची मचूळ असंही होतं.

मागच्या फेब्रुवारीत माझ्या फरसबीची पानं कडेने करपायला लागली, मी रोग समजून फवारत बसलो. बादलीतलं पाणी चाखलं तर गोड. शेवटी एक बाटली घेतली, तिला दगड बांधला, बुचाला वेगळी सुतळी, तळाला सोडून बूच ओढलं, आणि वर आलेलं पाणी जिभेवर ठेवलं तर चक्क मचूळ! पंपाचा फूटव्हॉल्व, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप, तिथेच होता, अख्खा वाफा तेच पाणी पीत होता. म्हणून सांगतो, नमुना वरून आणि तळातून असा दोन्हीकडून घ्या.

पेनसारखा मीटर ऑनलाइन मिळतो, तो ईसीवर ठेवा (ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते ते, क्षार जास्त तर आकडा जास्त), कारण टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा, आकडा प्रत्येक कंपनीचा थोडा वेगळा येतो. ७०० मायक्रोसीमेन्सच्या आत असेल तर निर्धास्त, ७०० ते ३००० मध्ये पीक बघून, ३००० च्या वर भाजीला नकोच. फरसबी, कांदा, मुळा, गाजर खारट अजिबात सोसत नाहीत, पालक आणि टोमॅटो थोडं सोसतात, बीट बरंच. त्यामुळे तळाचं पाणी आत्ताच १००० च्या पुढे असेल तर फरसबीचं बी घ्यायच्या आधी विचार करा, उन्हाळ्यात ते वाढणारच आहे.

पंप सलग ५ तास चालवू नका, तासभर चालवा, थांबा, पाणी वर येऊ द्या, आणि फूटव्हॉल्व तळापासून वर उचला. खारटपणा असेल तर पानांवर पाणी उडवू नका, मुळाशी ठिबकने द्या, वाफ्यात भाताचा पेंढा पसरा. शेताला खाडीचा बांध असेल तर उधाणाच्या आधी उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, नीट बंद होतेय का बघा, एकदा खारं पाणी आत आलं की जमीन धुवायला पुढचा पावसाळाच लागतो.

आणि पाणी कमी पडलं म्हणून नाल्यात पाइप टाकू नका हो, ती पालेभाजी कोणाच्या तरी लेकराच्या ताटात जाते.

पहिलं रीडिंग दिवाळीच्या आत घ्या, पुढची दर महिन्याला, आणि वही पंपाच्या खोपटातच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, घरी ठेवली की लिहायचं राहून जातं.