पेनड्राइव्हवरचा प्रबंध: टाइप्स्टला फॉन्ट, फोल्डर आणि पॅकेजांचा पत्ता कसा द्यायचा

प्रबंध घरच्या लॅपटॉपवर सुबक दिसतो. गाइड ऐनवेळी दुरुस्ती सांगतात, म्हणून शिवाजी विद्यापीठातल्या विभागाच्या कॉम्प्युटरवर पुन्हा पीडीएफ काढायला जावं, तर मराठी मजकुराच्या जागी चौकोन येतात किंवा भलताच फॉन्ट लागून पानांचे आकडे सरकतात. फाइल तीच असते, फक्त टाइप्स्टला, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीतून पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमला, तिथे तुमचे फॉन्ट सापडत नाहीत. टाइप्स्टसोबत येणाऱ्या फॉन्टांत देवनागरी नाही आणि मागितलेला फॉन्ट सापडला नाही तरी तो थांबत नाही. एक सूचना देऊन पुढे जातो, आणि ती सूचना वाचायची राहून जाते.

यावर उपाय म्हणजे सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवायचं आणि त्याचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो अशा नाव दिलेल्या सेटिंगमधून, द्यायचा. खाली या व्हेरिएबलांची नावं देवनागरीत आहेत. टाइप करताना ती रोमन मोठ्या अक्षरांत लिहा, मधे अंडरस्कोर.

पहिलं, टाइप्स्ट_फॉन्ट_पाथ्स. प्रबंधाच्या फोल्डरमध्ये 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर करून त्याचा पत्ता इथे द्या. आतले उपफोल्डरही टाइप्स्ट धुंडाळतो. एकापेक्षा जास्त पत्ते असतील तर लिनक्स-मॅकवर मधे कोलन, विंडोजवर सेमीकोलन. गूगल फॉन्ट्सवरून नोटो सेरिफ देवनागरी घेतलात तर झिपमधली 'व्हेरिएबल फॉन्ट'ची फाइल (साधं, ठळक सगळं एकाच फाइलीत असलेली) टाकू नका. 0.13 आवृत्तीतही टाइप्स्टला ती नीट पेलत नाही आणि ठळक अक्षर ठळक येत नाही. 'स्टॅटिक' फोल्डरमधल्या रेग्युलर आणि बोल्ड फाइली घ्या.

दुसरं, टाइप्स्ट_रूट. मुख्य फाइल 'प्रकरणे' फोल्डरमध्ये आणि नकाशे शेजारच्या 'चित्रे'मध्ये असतील, तर दोन टिंबं देऊन वर जाताच परवानगी नाकारल्याची चूक येते. मुख्य फाइलच्या फोल्डरबाहेरचं काहीही टाइप्स्ट वाचत नाही. रूटमध्ये प्रबंधाच्या मूळ फोल्डरचा पत्ता दिला की अडचण सुटते.

तिसरं, टाइप्स्ट_पॅकेज_कॅश_पाथ. विभागात नेट असेलच असं नाही. घरी हा पत्ता पेनड्राइव्हवरच्या फोल्डरला जोडून एकदा पीडीएफ काढा. लागणारी पॅकेजेस, म्हणजे टाइप्स्ट नेटवरून घेतो ते तयार जोड, तिथे उतरतात, मग नेट लागत नाही.

लिनक्सवर तिन्ही ओळी 'एक्स्पोर्ट' लावून बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलीत, लिहा. बरोबरच्या चिन्हाभोवती जागा सोडू नका. पत्त्यात टिल्ड (~, म्हणजे तुमचा होम फोल्डर) वापरलात तर तो अवतरणात ठेवू नका, उलगडत नाही. त्याऐवजी डॉलर-होम लिहा.

विंडोजवर व्हेरिएबल कायमचं नोंदवणारी 'सेटएक्स' ही आज्ञा सुचवतात, पण पेनड्राइव्हसाठी ते कामाचं नाही. घरी ई असलेलं ड्राइव्ह विभागात एफ होतं आणि पत्ता चुकतो. शिवाय सेटएक्सचा बदल आधीच उघड्या असलेल्या खिडकीत लागू होत नाही. त्यापेक्षा प्रबंधाच्या फोल्डरमध्ये छोटी बॅच फाइल, म्हणजे ओळीने आज्ञा लिहिलेली फाइल, ठेवा. तिच्यात 'सेट', मग व्हेरिएबलचं नाव, बरोबरचं चिन्ह, आणि पत्त्याच्या जागी टक्का-टिल्ड-डीपी-शून्य. याचा अर्थ 'ही बॅच फाइल जिथे आहे तो फोल्डर', शेवटच्या तिरप्या रेघेसकट. त्याला चिकटूनच 'फॉन्ट्स' लिहा. इथे अवतरण टाकलं तर तेही पत्त्यात शिरतं, आणि ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागासुद्धा. टाइप्स्ट ही एकच एक्सई फाइल आहे, तीही याच फोल्डरमध्ये ठेवा. 'सेट'च्या ओळींखाली कंपाइलची, म्हणजे पीडीएफ काढण्याची, आज्ञा लिहा. शेवटच्या ओळीवर 'पॉज' हवंच, नाहीतर खिडकी मिटते आणि सूचना वाचता येत नाही.

खरी परीक्षा घरीच घ्या. कंपाइलच्या आज्ञेला दोन आडव्या रेघांसह 'इग्नोर-सिस्टिम-फॉन्ट्स' जोडा, म्हणजे लॅपटॉपवरचे फॉन्ट बाजूला राहतात आणि फोल्डरमध्ये काय कमी आहे ते लगेच उघडं पडतं. 'टाइप्स्ट फॉन्ट्स' या आज्ञेने यादी दिसते. मजकुरात फॉन्टचं नाव त्या यादीतल्यासारखंच लिहा.

एक गोष्ट मात्र व्हेरिएबलमधून होत नाही. मजकुराची भाषा फाइलमध्येच 'एमआर' लिहावी लागते. ती नसेल तर बऱ्याच फॉन्टांत 'कोल्हापूर'मधला ल आणि 'शिवाजी'मधला श हिंदी वळणाचा येतो. मुखपृष्ठावर, 24 पॉइंटात, तो लगेच डोळ्यात खुपतो.