तीव्र मानसिक आजार: घरभेट करणारी गावची टीम कशी घडवावी

स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजार (उन्माद आणि नैराश्य यांचे झटके) किंवा लांबलेली सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) असलेल्या माणसाच्या घरी जाणारी टीम दोन दिवसांच्या व्याख्यानांनी तयार होत नाही. लक्षणांची यादी पाठ होते, प्रमाणपत्र हातात पडतं, आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या घरी आई दारातूनच सांगते, "तो झोपलाय, मागाहून या." तिथे काय बोलायचं, हे कुणी शिकवलेलंच नसतं. म्हणून पुढच्या आखणीत वर्गाला कमी वेळ दिला आहे आणि दारातल्या त्या पाच मिनिटांना जास्त.

अपेक्षा आधीच नीट ठरवा. गोवा, सातारा आणि तामिळनाडूत झालेल्या कोप्सी चाचणीचे निष्कर्ष 2014 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिच्यात स्किझोफ्रेनिया असलेले 282 जण होते. त्यातल्या काहींना दवाखान्यातल्या नेहमीच्या उपचारांच्या जोडीला प्रशिक्षित गावकार्यकर्त्यांच्या घरभेटी मिळाल्या. वर्षभरानंतर त्यांची लक्षणं आणि रोजच्या जगण्यातली अडचण इतरांपेक्षा जास्त उतरली. फरक माफक होता, पण खरा होता. यातून दोन गोष्टी घ्या: असं काम डॉक्टर नसलेली माणसं नीट करू शकतात, आणि ते डॉक्टरांच्या उपचाराच्या जोडीनेच करायचं असतं.

टीम निवडताना

दहावी-बारावी झालेली, कोकणी बोलणारी आणि मराठी लिहिता-वाचता येणारी माणसं शोधा. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत घरात बोलणं कोकणीत आणि वाचन मराठीत चालतं. त्यामुळे फॉर्म मराठीत चालतील, पण संवादाचा सराव कोकणीतच व्हायला हवा. मराठीत पाठ केलेलं सहानुभूतीचं वाक्य दारात सरकारी वाटतं.

निवडीच्या मुलाखतीत ज्ञान तपासू नका. उमेदवाराला दहा मिनिटं कुणाची तरी तक्रार ऐकायला बसवा. दुसऱ्याच मिनिटाला सल्ला देणारा माणूस या कामात अडचणीचा ठरतो. ही सवय प्रशिक्षणाच्या सहा आठवड्यांत सुटत नाही.

कार्यकर्त्याला त्याच्याच वाड्यावरची घरं देऊ नका. गोव्याच्या गावात कुणाची स्कूटर कुणाच्या तुळशीपाशी उभी आहे, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. शेजारचं गाव द्या. फलक लावलेली गाडी घरापर्यंत नेऊ नका.

एका कार्यकर्त्याकडे सुरुवातीला 8 ते 10 माणसं पुरेत, सराव झाल्यावर 20 ते 25. सहा-सात कार्यकर्त्यांमागे एक पर्यवेक्षक हवा, तोही मानसिक आरोग्याचं रीतसर शिक्षण घेतलेला. मागे मानसोपचारतज्ज्ञ हवेत. बांबोळीची मानसोपचार संस्था असो, जिल्हा इस्पितळ असो किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक, कुणाला कोणत्या वेळी फोन करायचा हे कागदावर ठरल्याशिवाय प्रशिक्षण सुरू करू नका.

सहा आठवडे

पहिल्या दोन आठवड्यांत सकाळी विषय आणि दुपारी सराव. आजार कसा दिसतो, औषधं काय करतात, कायदा काय सांगतो, एवढंच. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात दवाखान्याची ओपीडी आणि अनुभवी माणसासोबत घरभेटी, तेव्हा फक्त बघायचं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कार्यकर्ता बोलतो आणि पर्यवेक्षक बाजूला बसतो. प्रत्येकाच्या किमान सहा भेटी अशा पाहिल्याशिवाय एकट्याला पाठवू नका.

आजारातून गेलेली एक व्यक्ती आणि एक काळजीवाहक यांना शिकवायला जरूर बोलवा, मानधन देऊन. त्यांनी आपली कहाणी सांगितलीच पाहिजे, असा आग्रह मात्र नको. "माझ्याशी कसं बोललेलं मला चालतं," या एकाच विषयावर त्या व्यक्तीने तासभर शिकवलं, तरी पुस्तिकेच्या वीस पानांपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

दारातली पाच मिनिटं

हा सराव रोज करा, तिघांच्या गटात: एक घरातला, एक कार्यकर्ता, एक बघणारा. पहिलं वाक्य आपण कोण आणि कुणी पाठवलं याचं: "दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुम्हाला विचारून माझं नाव दिलं होतं." (संमती दवाखान्यातच घेतलेली हवी. आधी न विचारता दारात जाणं म्हणजे गुप्तता मोडणं.) दुसरं वाक्य वेळेचं: "दहा मिनिटं बसू का, की दुसऱ्या दिवशी येऊ?" पहिल्या भेटीत आजाराचं नाव काढायचं नाही, वही उघडायची नाही. झोप कशी आहे, जेवण जातं का, दिवस कसा जातो, एवढं पुरे. सोप्यावर (ओसरीवर) बसवलं तर सोप्यावरच बसा, आत डोकावू नका.

नेहमी होणारी चूक म्हणजे आईशीच बोलत राहणं. माणूस समोर बसलेला असतो आणि कार्यकर्ता विचारतो, "तो गोळ्या घेतो का?" सरावात हे वाक्य आलं की तिथेच थांबवा आणि प्रश्न त्या माणसाला विचारायला लावा. उत्तर यायला पंधरा-वीस सेकंद लागू शकतात, कारण आजारात विचारांची गती मंदावते आणि काही औषधांनीही. ती शांतता सोसायला शिकवावं लागतं. घड्याळ लावून शिकवा.

भास आणि संशय

समोरचा म्हणाला, "शेजारी माझ्या जेवणात काहीतरी घालतात," तर नवा कार्यकर्ता दोनपैकी एक करतो: "छे, असं काही नाही" किंवा "हो का, अरेरे". पहिल्याने विश्वास तुटतो, दुसऱ्याने संशयाला खतपाणी मिळतं. मधली वाट अशी: "असं वाटत असेल तर जेवण घशाखाली उतरणं कठीणच. मग खाता काय सध्या?" भीती खरी मानायची, कारणावर वाद घालायचा नाही. आवाज ऐकू येत असतील तर ते काय सांगतात आणि त्यांचं ऐकावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. इजा करायला सांगणारे आवाज असतील तर त्याच दिवशी पर्यवेक्षकाला कळवा.

कोकणीतला 'पिसो' आणि मराठीतला 'वेडा' हे शब्द टीमच्या आपापसातल्या बोलण्यातूनही काढून टाका. जे मागे बोललं जातं, ते दारातही निसटतं.

औषधं

कार्यकर्ता डोस बदलत नाही. पण काय बघायचं आणि कुणाला कळवायचं, हे त्याला नेमकं माहीत असलं पाहिजे. या भागाला तीन पूर्ण दुपारी द्या.

गोळ्या का सुटतात, ते आधी शिकवा. तोंड कोरडं पडणं, सुस्ती, वजन वाढणं, पुरुषांत लैंगिक अडचण. शेवटची तक्रार कुणी आपणहून सांगत नाही, ती पुरुष कार्यकर्त्याने एकांतात विचारावी. पाय सारखे हलणं, बसवत न राहणं याला अकॅथिझिया म्हणतात. घरच्यांना तो आजार वाढल्यासारखा वाटतो, ते डोस वाढवा म्हणतात आणि त्रास दुप्पट होतो. मान किंवा जीभ वाकडी होऊन आखडली तर त्याच तासात दवाखाना. ताप, ताठरलेलं अंग आणि गोंधळ एकत्र दिसले तर औषध थांबवून थेट इस्पितळ, तो जिवाचा धोका असतो. वयस्कर माणूस एकाएकी गोंधळला तर आधी शरीराचा आजार शोधायला पाठवा, 'मानसिक' म्हणून सोडू नका.

लिथियम या बायपोलरवरच्या औषधावर असलेल्यांची यादी वेगळी ठेवा. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 मध्ये हवी, आणि नमुना शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचा. सकाळची गोळी घेऊन रक्त दिलं की आकडा फसवा येतो. उलट्या, जुलाब, जोराची थरथर, झोकांड्या, जड जीभ ही विषबाधेची खूण. एप्रिल-मेच्या उकाड्यात काजूच्या बागेत घाम गाळणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी होतं आणि पातळी चढते. पाठदुखीसाठी फार्मसीतून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनही ती चढवते. वेदनेला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.

क्लोझापिन (इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचं औषध) असेल तर पहिले 18 आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशींची तपासणी. ताप किंवा घसा दुखणं आलं तर त्याच दिवशी रक्त. शौचाला होत नसेल तर ती साधी तक्रार समजू नका, आतडं अडकून माणूस दगावू शकतो. दोन दिवसांहून जास्त गोळ्या चुकल्या तर जुन्या डोसावर परत यायचं नाही. 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढावं लागतं, म्हणून आधी डॉक्टरांना फोन.

वजन, कंबर, रक्तदाब आणि साखर सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि पुढे दर वर्षी. कंबर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली की आहाराचं बोलणं सुरू करा. मापपट्टी प्रत्येकाच्या पिशवीत असावी.

चवथ (गणेशचतुर्थी) आणि शिगमो (शिमगा) यांच्या आधीच्या आठवड्यात गोळ्या मोजा. घर पाहुण्यांनी भरतं, जागरणं होतात, डबी कुठेतरी कपाटात जाते. जागरणानेच बायपोलरमधला उन्माद उसळू शकतो. हुर्राकाच्या (काजूच्या ताज्या दारूच्या) मोसमात दारूबद्दल नावानिशी विचारा. "व्यसन आहे का?" या प्रश्नाला उत्तर नेहमी "नाही" येतं. "काल किती घेतली?" याला खरं येतं.

घर, घाडी आणि साखळी

घाडीकडे (गावातल्या देवऋषीकडे) जाणं बंद करा, असं सांगू नका. कुटुंब आधी तिथेच जातं. "कौल घ्या, पण गोळी चुकवू नका, आणि उपाशी ठेवणं, मारणं, धूर देणं असं काही सांगितलं तर मला सांगा," एवढंच म्हणा. 

साखळदंड दिसला तर सरावात ठरवलेलंच करायचं: आरडाओरडा नाही, फोटो नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 95 प्रमाणे कुणालाही साखळीने बांधायला बंदी आहे. पण घरच्यांनी बांधलेलं बहुधा भीतीपोटी असतं, कारण तो रात्री निघून जातो आणि बाकीचे कामावर असतात. पर्यवेक्षकाला त्याच दिवशी कळवा, डॉक्टर घरी येण्याची किंवा दाखल करण्याची सोय लावा, रात्री कोण थांबेल हे घरच्यांसोबत ठरवा. छळ किंवा हेळसांड चालू असेल तर पोलिसांना कळवणं कायद्यानेच सांगितलं आहे. बेवारस फिरणाऱ्या माणसाला पोलिसांनी 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं, म्हणून ठाण्यातल्या एका अधिकाऱ्याला प्रशिक्षणाच्या एका दुपारी बोलवा.

नामनिर्देशित प्रतिनिधी (आपल्या वतीने निर्णयात साथ देणारी, स्वतः निवडलेली व्यक्ती) आणि पूर्वसूचना-पत्र (पुढे आजार वाढला तर कसे उपचार हवेत वा नकोत याचं लेखी पत्र) हे दोन फॉर्म माणूस बरा असताना भरून घ्या. संकटात कुणाला बोलवायचं, कुठलं औषध सोसत नाही, हे तो तेव्हाच शांतपणे सांगू शकतो.

आत्महत्येबद्दल सरळ विचारणं सगळ्यांनाच जड जातं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. "जीव नकोसा होतो का? कसं करायचं ते ठरवलंय का? ते घरात आहे का?" हे तीन प्रश्न जोडीने वीस वेळा मोठ्याने म्हणून घ्या. योजना आणि साधन दोन्ही असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही, कीटकनाशक आणि गोळ्यांचा साठा घरातून हलवायचा, इस्पितळ गाठायचं. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

प्रशिक्षण संपल्यावर

दर आठवड्याला दोन तास एकत्र बसणं हे कॅलेंडरवर पक्कं करा. पहिले तीन महिने घरभेटी आठवड्याला किंवा पंधरवड्याला, पुढे महिन्याला. बैठकीत प्रत्येकाने एकच माणूस मांडायचा: त्याला काय हवं आहे, मागच्या वेळी काय ठरलं, अडलं कुठे. 'लक्षणं कमी' हे ध्येय म्हणून लिहू देऊ नका. "सकाळी सातच्या कदंब बसने एकट्याने साखळी शहरात जाऊन येणं" असं लिहा. चार महिन्यांनी ते झालं की नाही, हे कुणालाही सांगता येतं. अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डाचे आणि गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या मासिक मदतीचे अर्जही इथेच हातावेगळे करा. दाखल्यासाठी उपचाराचे कागद लागतात, ते पहिल्या महिन्यापासून एका प्लास्टिकच्या पिशवीत जमवायला सांगा, पावसात भिजत नाहीत.

टीम मोडते ती बहुधा सातव्या-आठव्या महिन्यात. माणसं स्थिरावलेली असतात, बैठका पुढे ढकलल्या जातात, आणि एका कार्यकर्त्याच्या घरभेटींच्या नोंदी सारख्याच दिसायला लागतात: "ठीक आहे, गोळ्या चालू." अशा तीन नोंदी सलग आल्या की पर्यवेक्षकाने त्याच आठवड्यात सोबत जावं. कधी ते काम चुकवणं असतं, तर कधी कार्यकर्ता त्या घरात काहीतरी पाहून गप्प झालेला असतो, आणि ते बोलायला त्याला बैठकीत जागा मिळालेली नसते.