अपघाताचा दर काढताना या चुका टाळा

महिनाअखेरीला सेफ्टीचा अहवाल भरताना फ्रिक्वेन्सी रेट (१० लाख मनुष्यतासांमागे किती अपघात) कधी अचानक दुप्पट होतो, कधी निम्म्यावर येतो. शॉपफ्लोअरवर काहीच बदललेलं नसतं. अशा वेळी आधी छेद तपासा.

आयएस ३७८६ या भारतीय मानकाचं सूत्र सोपं आहे: लॉस्ट टाइम इंजुरींची (ज्यांमुळे कामगार पुढे कामावर येऊ शकला नाही अशा जखमांची) संख्या गुणिले १० लाख, भागिले प्रत्यक्ष काम झालेले मनुष्यतास. घोळ होतो तो अंशात एक माणसं आणि छेदात दुसरीच धरल्यामुळे. समजा, १२० कायम आणि ६० कंत्राटी कामगार, वर्षाला ३०० दिवस, रोज ८ तास. एकूण ४,३२,००० तास. वर्षात तीन जण जखमी, त्यांतले दोघे कंत्राटी. खरा दर ६.९४. एचआरने फक्त कायम कामगारांचे तास दिले, तर तोच १०.४२ होतो. आणि तास सगळ्यांचे धरून कंत्राटी जखमी वगळले, तर २.३१! ही शेवटची चूक मला सर्वांत गंभीर वाटते. प्रेस मशीनवर बोटं गमावलेला माणूस कागदावर उरतच नाही, आणि आकडा छान दिसतो म्हणून कोणी विचारतही नाही.

तासही पटसंख्येवरून काढू नका. वरचे गोल आकडे उदाहरणापुरते. तुमच्या शीटमध्ये दरडोई बरोबर २,४०० तास निघत असतील, तर रजा वजा झालेल्या नाहीत आणि ओव्हरटाइम धरलेला नाही हे नक्की. ठेकेदाराचं मस्टर (हजेरीपट) मागवा, गेटच्या पंचिंगशी ताळा करा.

सिव्हिरिटी रेटमध्ये (१० लाख मनुष्यतासांमागे किती दिवस वाया गेले) वाया गेलेले दिवस मोजताना साप्ताहिक सुट्टी गाळली जाते. ती धरायची असते. भोसरीत मंगळवारी जखमी झालेला कामगार शनिवारी कामावर आला, तर बुध, गुरू, शुक्र असे ३ दिवस, तिथली गुरुवारची साप्ताहिक सुट्टी धरून. अपघाताचा आणि परतीचा दिवस मात्र सोडायचा. तीच जखम पुन्हा चिघळून तो घरी बसला, तर तेही दिवस जोडा. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ६,००० दिवस.

मुख्य कंपनी अमेरिकन असेल तर तिकडचा गुणक २ लाख असतो (१०० कामगार, आठवड्याला ४० तास, ५० आठवडे). आपला ६.९४ तिथे १.३९ होतो. पण त्यांच्या ‘रेकॉर्डेबल’मध्ये (नोंद करायच्या जखमांत) प्रथमोपचारापलीकडे उपचार लागलेल्या जखमाही येतात, त्यामुळे त्या दराला नुसतं ५ ने गुणून आपल्या दराशी तुलना करू नका.

पस्तीस कामगारांच्या युनिटमध्ये एका अपघाताने वर्षाचा दर ११.९ वर जातो. तिथे महिन्याचा दर काढण्यात अर्थ नाही. मागच्या १२ महिन्यांचा काढा.

एवढं करूनही दर संशयास्पद कमी वाटला, तर फर्स्ट एड रजिस्टर आणि ईएसआयला (कामगार राज्य विमा योजनेला) पाठवलेले अपघात अहवाल शेजारी ठेवा. टाके पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी हजर दिसत असेल, तर तो त्या दिवशी मशीनवर होता की नुसता ऑफिसात बसवलेला, हे त्यालाच विचारा.