श्रुतिकेच्या प्रयोगाआधी: हौशी गटासाठी तयारीची यादी

श्रुतिका म्हणजे फक्त कानांसाठीचं नाटक, इथे ते प्रेक्षकांसमोर माईकवर वाचून सादर करायचं आहे. माईक, केबल, आवाज काढायच्या करवंट्या वगैरे नंतर बघू. आधी एक गोष्ट ठरवा: तुमचा श्रोता समोरच्या खुर्चीत बसला आहे, की चार महिन्यांनी कुठेतरी हेडफोन लावून ऐकणार आहे? बहुतेक गटांना दोन्ही हवे असतात, आणि एकाच संध्याकाळी. पण दोघांच्या गरजा एकमेकांच्या विरुद्ध जातात. सभागृहाला जोश लागतो, नट दिसावे लागतात, हशा आला की थांबावं लागतं. ध्वनिमुद्रणाला शांतता लागते, आणि त्या हशाच्या वेळची थांबण्याची जागा तिथे रिकामी वाटते. माझं मत ठाम आहे. प्रयोगाची संध्याकाळ सभागृहाची. तिचं मुद्रण करायचं ते ‘प्रेक्षकांसमोरचा प्रयोग’ म्हणूनच, खोकल्याटाळ्यांसकट. स्वच्छ आवृत्ती हवी असेल तर त्याच आठवड्यात, संवाद तोंडात ताजे असताना, वेगळी बैठक घ्या. हे आधी ठरलं नाही तर तालमीत निम्मे जण मागच्या रांगेसाठी बोलतात आणि निम्मे माईकसाठी.

मग परवानग्या. नाटक सादर करण्याची, ते ध्वनिमुद्रित करण्याची आणि ते ध्वनिमुद्रण इंटरनेटवर ठेवण्याची, अशा या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. लेखक ओळखीचा असला तरी तिन्ही लेखी घ्या. ‘लेखक जाऊन बरीच वर्षं झाली’ हे उत्तर पुरत नाही. लेखनहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं चालतं, बऱ्याच देशांत ते 60 किंवा 70 वर्षं आहे, आणि अनुवादाचा हक्क मूळ लेखनाहून वेगळा असतो. संगीतातही चालीचा हक्क एकाचा आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसऱ्याचा असू शकतो. गटात पेटी वाजवणारं कोणी असेल तर त्यांच्याकडून चार नव्या सुरावटी करून घेणं सगळ्यांत सोपं. फुकट मिळणाऱ्या आवाजांच्या संग्रहाच्या अटी वाचा. ‘अव्यावसायिक वापरासाठी’ असं लिहिलं असेल आणि तुम्ही तिकीट लावणार असाल, तर तो आवाज सोडून द्या.

संहितेची पहिली परीक्षा डोळे मिटून. एकाने वाचायचं नाही, लिहायचं नाही, फक्त भिंतीकडे तोंड करून ऐकायचं आणि कोण कुठे आहे हे कळेनासं झालं की हात वर करायचा. हात हमखास दोन ठिकाणी वर जातो. एक, ‘हे बघ, हे काय आहे’ अशी वाक्यं, जिथे ‘हे’ म्हणजे काय ते फक्त लेखकाला दिसतं. दुसरं, पानभर गप्प बसलेलं पात्र. रंगमंचावर ते कोपऱ्यात उभं दिसतं. कानांसाठी मात्र ते निघून गेलेलं असतं, आणि मग एकदम बोललं की श्रोता दचकतो. त्याला मध्येच एक हुंकार द्या, कपबशीचा आवाज द्या, नाहीतर कोणीतरी त्याचं नाव घेऊ दे. कानांसाठी लिहिणाऱ्यांना ही अडचण सुरुवातीपासून ठाऊक आहे. 1924च्या जानेवारीत बीबीसीने खास रेडिओसाठी लिहिलेलं जे नाटक प्रसारित केलं, ते कोळशाच्या खाणीत दिवे गेल्यावर घडतं. तिथे पात्रांनाही काही दिसत नसल्यामुळे श्रोता आणि पात्रं बरोबरीला येतात.

पात्रनिवडही अशीच, पाठ फिरवून करा. एका प्रवेशात एकाच पट्टीतले दोन आवाज नकोत, मग ते दोघं कितीही चांगले नट असोत. एकाने तीन भूमिका करायला हरकत नाही, पण त्या तिन्ही एकाच प्रवेशात येत नाहीत ना, हे तक्त्यावर मांडून बघा. वेळ मोजताना घड्याळ लावून पूर्ण वाचन करा आणि हशा-टाळ्यांसाठी थोडी जागा सोडा. लांबलंच तर कुठले परिच्छेद गाळायचे ते आधीच पेन्सिलीने कंस करून सगळ्यांच्या प्रतीत सारखे दाखवा.

संहितेच्या प्रतीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथेच सगळे घाई करतात. कागदाच्या एकाच बाजूला छापा, अक्षर मोठं, दोन ओळींत भरपूर अंतर. वाक्य पानाच्या तळाशी तुटता कामा नये. त्यासाठी अर्धं पान कोरं राहिलं तरी चालेल. डावीकडे प्रत्येक संवादाला आणि प्रत्येक आवाजाच्या सूचनेला क्रमांक घाला, म्हणजे तालमीत ‘पान 12, ओळ 7पासून’ एवढंच म्हणावं लागतं. स्टेपल करू नका, फाइलला लावू नका. सुटी पानं हातात धरायची, आणि वाचून झालेलं पान उलटायचं नाही, तर हळूच बाजूला सरकवायचं किंवा खाली मऊ कापडावर सोडायचं. कडक, नवाकोरा कागद फार बोलतो, मऊ कागद घ्या. मोबाइल किंवा टॅबलेटवरून वाचण्याचा मोह होतो. पण पडदा मधेच अंधारतो, संदेश येतो, आणि ऐन वेळी बदललेली ओळ त्यावर पटकन लिहिता येत नाही. सुट्या पानांना पानक्रमांक ठळक हवाच. एखादा गठ्ठा खाली पडणार, हे धरूनच चाला.

माईकसमोर कसं उभं राहायचं हे तालमीतच बसवायचं. साधं बोलणं वीतभर अंतरावरून, कुजबुज चार बोटांवरून, ओरडणं एक पाऊल मागे जाऊन आणि तोंड थोडं वळवून. फार जवळ गेलं की बहुतेक माईक आवाजात खर्ज वाढवतात. कुजबुजीला ते शोभतं, रोजच्या संभाषणाला नाही. ख, घ, फ, भ ही महाप्राण अक्षरं हवेचा झोत फेकतात. त्यासाठी पॉप फिल्टर, म्हणजे माईकपुढची झोत अडवणारी जाळी, आहेच, पण माईकच्या सरळ समोर न बोलता किंचित तिरकं बोलण्याची सवय जास्त उपयोगी. ‘बाहेर जाणारं’ पात्र माईकपासून बोलत बोलत मागे चालत जाईल. आवाजाचं बटण कमी करून ते काम होत नाही, कारण दूर जाणाऱ्या माणसाबरोबर खोलीचा घुमाराही वाढतो आणि कान तो ओळखतो. दोन माईक असतील तर त्यांच्यातलं अंतर बोलणारा आणि त्याचा माईक यांच्यातल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा, नाहीतर एकच आवाज दोन्हींत शिरून पोकळ होतो. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या, माईकला पाठीमागचं सगळ्यांत कमी ऐकू येतं. म्हणून रंगमंचावरचा स्पीकर त्याच्या पाठीशी ठेवायचा आणि सभागृहाचे स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून शिट्टी वाजण्याचं निम्मं दुखणं इथेच संपतं.

आता आवाजांचं टेबल. सिनेमाच्या धंद्यात वस्तूंनी आवाज काढण्याच्या या कामाला, ते करणाऱ्या जॅक फोली यांच्या नावावरून, फोली म्हणतात, आणि प्रेक्षकांसमोरच्या प्रयोगात लोक नटांपेक्षा या टेबलाकडेच जास्त बघतात. ते कोपऱ्यात लपवू नका. टेबलावर जाड चादर अंथरा, म्हणजे वस्तू ठेवतानाचा आवाज होत नाही. वस्तू नाटकात येतील त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा, आणि मांडणीचा फोटो काढून ठेवा. दोन करवंट्यांत घोड्याच्या टापा निघतात. कॉर्नफ्लोअर (मक्याचा स्टार्च) भरलेली चामड्याची पिशवी दाबली की बर्फावरचं चालणं. सेलोफेन, म्हणजे कडकडणारा पारदर्शक कागद, हळूहळू चुरगाळला की पेटलेली शेकोटी. चामड्याचे जुने हातमोजे फडफडवले की पक्ष्याचे पंख. मोठा पातळ पत्रा टांगून हलवला की मेघगर्जना. हाड मोडायचं असेल तर गाजर चालतं, माईकच्या अगदी जवळ. पावलांसाठी उथळ ट्रे करा: एकात खडी, एकात वाळू, एक लाकडी फळी. जो कलाकार पावलं वाजवणार त्याने ती त्या पात्राच्या मनःस्थितीत वाजवायची असतात. घाबरलेला माणूस एका लयीत चालत नाही. दारासाठी छोटी चौकट, बिजागरी आणि कडी यांसह सुताराकडून करून घ्या, कारण दाराचा मुद्रित आवाज दर वेळी तसाच्या तसा वाजतो, तर नाटकातलं दार कधी हळूच लोटायचं असतं, कधी आपटायचं. गोळीबारासाठी लाकडी पट्टी चामड्याच्या उशीवर मारा. फटाका किंवा खेळण्यातलं पिस्तूल सभागृहात नकोच.

मुद्रित आवाज अगदीच टाळता येत नाहीत. आगगाडी किंवा समुद्र टेबलावर आणणार कसा? ते क्रमांक घालून एकाच लॅपटॉपवर ठेवा आणि त्याच्यावरच्या सगळ्या सूचना, अपडेट, वायफाय बंद करा. टेलिफोनवरच्या माणसाचा आवाज करायचा असेल तर मिक्सरवर (सगळे माईक जिथे जोडले जातात त्या यंत्रावर) एक वाहिनी आधीच राखून ठेवा आणि तिच्यात साधारण 300 हर्ट्झच्या खालचं आणि 3400 हर्ट्झच्या वरचं कापा. जुना फोन तेवढंच पोचवत असे. पावसासारखा पार्श्वआवाज प्रवेशाच्या सुरुवातीला मोठा, मग संवादाखाली सरकवायचा. पूर्ण प्रवेशभर एकाच पातळीवर पाऊस पडत राहिला की दोन मिनिटांत तो कानाला खरखर वाटू लागतो.

जागा बघायला जाल तेव्हा प्रयोगाच्याच वेळेला जा. सकाळी शांत असलेला रस्ता संध्याकाळी तसा नसतो. दिवे सगळे लावा, पंखे आणि वातानुकूलन एकेक करून बंद करा, आणि काय काय गुणगुणतं ते ऐका. वातानुकूलन बंद ठेवून प्रेक्षक बसू शकत नसतील तर ते चालू राहू द्या आणि मुद्रणाकडून तेवढी अपेक्षा कमी करा. विजेच्या तारा आणि माईकच्या केबल समांतर नेऊ नका. एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. कंडेन्सर माईक, म्हणजे केबलमधून वीज लागणारे माईक, असतील तर मिक्सर 48 व्होल्ट देतो का, हे तिथेच तपासा. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यासाठी वाट आहे का, तेही त्याच फेरीत बघा.

मुद्रणासाठी प्रत्येक माईकचा वेगळा ट्रॅक घ्या, यंत्राची सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. पातळी अशी ठेवा की सगळ्यांत मोठी आरोळीसुद्धा यंत्राच्या मीटरवर उणे 6 डेसिबलच्या वर जाणार नाही. कमी पातळी नंतर वाढवता येते, फाटलेला आवाज शिवता येत नाही. एका ट्रॅकला तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. आठ ट्रॅक एकाच फाइलमध्ये घेत असाल तर लक्षात ठेवा, साधी डब्ल्यूएव्ही (WAV) ध्वनिफाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे तासाच्या आसपास ती अडेल किंवा तुटेल. मुख्य यंत्राखेरीज एक छोटा रेकॉर्डर सभागृहाच्या मध्यावर उभा करा, नवीन बॅटऱ्या घालून. प्रेक्षकांचा प्रतिसादही त्यातच चांगला मिळतो. ऐकायला वायरचे हेडफोन. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि सूचना चुकतात. लोक येण्याआधी रिकाम्या सभागृहाची मिनिटभर नुसती शांतता मुद्रित करा. संकलनात दोन तुकडे जोडताना खाली तीच घालावी लागते.

कपड्यांचं सांगायला हवं: सळसळणारं काही नको, बांगड्या, पैंजण, घड्याळ, खिशातली नाणी काढून ठेवा, आणि बुटांचे तळ मऊ असू देत. पाणी साधं, बर्फाशिवाय. तोंडाची चिकचिक वाढली तर सफरचंदाची आंबट फोड कामी येते. सगळ्यांचे मोबाइल विमान मोडवर. नुसते मुके केले तरी जवळच्या केबलमध्ये कधीकधी टकटक उमटते.

प्रयोगाच्या दिवशी शेवटची तालीम पूर्ण नको. फक्त आवाजांच्या जागा, माईकवर येण्याजाण्याचे मार्ग आणि पहिली दोन पानं करा. दिग्दर्शकाने उभं कुठे राहायचं ते ठरवा, सगळ्यांना दिसेल असं, आणि खुणा चारच ठेवा: सुरू, थांब, वेग वाढव, माईकपासून मागे सर. जास्त खुणा कोणाच्या लक्षात राहत नाहीत. एकाने ओळ चुकवली तर पुढच्याने मागे न जाता पुढची ओळ घ्यायची, हे सगळ्यांना एकदा मोठ्याने सांगा. प्रेक्षकांना सुरुवातीलाच मुद्रण चालू असल्याचं सांगायचं, आणि पुढच्या रांगांतल्यांचे आवाज त्यात येऊ शकतात हेही.

प्रयोग संपला की सामान आवरण्याआधी फाइली दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या, त्यातली एक प्रत दुसऱ्या माणसाच्या घरी जाऊ दे. संकलन करताना पूर्ण लांबीच्या हशाला कात्री लावायला हरकत नाही, पण सगळा काढू नका. तो काढला की नट विनाकारण थांबल्यासारखे वाटतात. इंटरनेटवर ठेवायच्या आवृत्तीची गोळाबेरीज पातळी स्टिरिओसाठी उणे 16 एलयूएफएसच्या (LUFS, कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास, मोनोसाठी उणे 19. मग ती एकदा चांगल्या हेडफोनवर आणि एकदा स्वस्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, स्वयंपाकघरात भांडी घासताना. त्या गोंगाटात कुजबुजीचे संवाद कळले नाहीत तर परत बसा. ऐकू न येणाऱ्यांसाठी पूर्ण संहिता सोबत द्या. ती तयारच असते, फक्त प्रयोगात बदललेल्या ओळी तिच्यात उतरवायच्या. श्रेयनामावलीत आवाजांच्या टेबलावरच्यांची नावं नटांच्या शेजारी घ्या, आणि ती जाहीर करण्यापूर्वी प्रत्येकाला आपलं नाव कसं लिहिलं जातं ते विचारून घ्या.