गणित-विज्ञानाच्या तासाला प्रोग्रामिंग आणताय? या चुका टाळा

गणित आणि विज्ञानासाठी प्रोग्रामिंग वापरायचे ठरले की बहुतेक शाळा ते काम संगणकाच्या शिक्षकांकडे सोपवून मोकळ्या होतात, आणि माझ्या मते पुढच्या निम्म्या गोंधळाचे मूळ तिथेच असते. घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत नववीच्या त्रिकोणमितीचा असा तास मी मागच्या बाकावरून पाहिला आहे. सरांनी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेला साइन ३० ची किंमत विचारली, पडद्यावर उणे ०.९८८० उमटले आणि वर्गाने ते निमूटपणे वहीत उतरवले. एका मुलीने कोष्टकात तर १/२ आहे अशी शंका काढली, तेव्हा तिला संगणक चुकत नसतो, असे उत्तर मिळाले. गणिताच्या बाई त्या वेळी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होत्या.

संगणक खरोखरच चुकला नव्हता. पायथॉनचे साइन फंक्शन कोन रेडियनमध्ये (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात) घेते, तर स्क्रॅच या मुलांसाठीच्या, ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या भाषेतले अंशांत घेते, आणि सर स्क्रॅचवरून थेट पायथॉनवर आले होते. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात रेडियन अकरावीत येत असल्यामुळे नववीच्या मुलांना ही गफलत उमगण्याची शक्यताच नव्हती. अंशांचे रेडियन करून घेतले तरी पायथॉन ०.४९९९९९९९९९९९९९९९४ दाखवते आणि हे ०.५ बरोबर आहे का असे विचारल्यास नाही म्हणते, कारण दशांश संख्या आत द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत, मर्यादित अंकांत साठवल्या जातात. म्हणून अपेक्षित उत्तर आधी हाताने काढून फळ्याच्या कोपऱ्यात लिहावे, मगच प्रोग्राम चालवावा, असा माझा शिरस्ता आहे. त्याला पाच मिनिटे जास्त लागतात, आणि ज्यांना तेवढीही सवड नाही त्यांनी खडू-फळ्यावरच शिकवावे.

लॅबमधली यंत्रे न पाहता सॉफ्टवेअर ठरवणे ही दुसरी खोड. विंडोज ७ वर पायथॉन ३.९ किंवा त्यापुढची आवृत्ती बसत नाही, ३.८ चालते, एवढे न तपासता नवी मुंबईतल्या एका शाळेने आधी पालकांना परिपत्रक पाठवले, मग लॅब उघडली. पावसाळ्यात नेट जाणार हे गृहीत धरून मी सर्व इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर ठेवतो.

भूमितीसाठी पायथॉनचा हट्ट धरू नये, जिओजेब्रा हे आकृत्या काढण्याचे सॉफ्टवेअर पुरते. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे मुलांना तिथे डोळ्यांनी दिसते.

तयार कोड चिकटवून वर फेकलेल्या चेंडूचा आलेख काढणाऱ्या उतावळ्या शिक्षकांना मी एकच काम सांगतो: गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी चंद्रावरचे १.६ घालावे आणि चेंडू किती उंच जाईल हे प्रोग्राम चालवण्यापूर्वी वर्गाला सांगून दाखवावे. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतूनही पाठ मिळतात. ते गणिताच्या शिक्षकांनी स्वतः, यंत्रासमोर बसून करावेत आणि तेवढ्या तासिका मुख्याध्यापकांनी वेळापत्रकातच मोकळ्या ठेवाव्यात.