नागपूरच्या उन्हाळ्यात घरी जिंजर बियर करताना या चुका टाळा

माल्टपासून बियर घरी तयार करणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय बेकायदेशीर आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा त्याबाबत स्पष्ट आहे. त्यामुळे येथे विचार केला आहे तो आले, साखर आणि लिंबू यांपासून होणाऱ्या जिंजर बियरचा, जिचे आंबणे पुरेसा फेस येताच फ्रीजमध्ये ठेवून रोखायचे असते. तिच्या बहुतेक पाककृती वीस-पंचवीस अंश तापमानाच्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कूलर लावलेल्या खोलीतही तो अनेकदा तिशीच्या खाली उतरत नाही. अशा घरात पाककृतीतले दिवस तसेच पाळणे हीच सर्वांत मोठी चूक असून, पुढच्या बहुतेक तक्रारी तिच्यातूनच निघतात.

पहिली तक्रार विरजणाची, म्हणजे आंबणे सुरू करणाऱ्या आल्याच्या मिश्रणाची असते. पाव लिटर पाण्यात रोज एक चमचा किसलेले आले आणि एक चमचा साखर घालत गेले की आल्याच्या सालीवरचे यीस्ट वाढू लागते. डिसेंबरच्या थंडीत त्याला आठवडाभर लागू शकतो, एप्रिलमध्ये मात्र दोन-तीन दिवसांत बुडबुडे दिसतात. ते दिसले नाहीत तर आले सोलून घातले होते का आणि नळाचे पाणी थेट वापरले होते का, हे आधी तपासावे. साल काढली की यीस्टही जाते, आणि पाण्यातला क्लोरीन उरलेल्याला वाढू देत नाही. म्हणून पाणी उकळून, पूर्ण निववून मगच घ्यावे. उन्हाळ्यात विरजण ओट्यावर फार दिवस राहिले तर त्याला तार सुटते, म्हणजे चमचा उचलताच ते चिकट धाग्यासारखे ओघळते. साखरेपासून चिकट द्रव्य बनवणारे जिवाणू उष्णतेत वरचढ झाल्याचे ते लक्षण आहे. असे विरजण, तसेच वर रंगीत किंवा केसाळ बुरशी आलेले विरजण, गाळून वाचवण्याच्या भानगडीत न पडता सरळ फेकून द्यावे.

दुसरी चूक घाईची आहे. आले-साखरेचा उकळलेला पाक पातेल्यात कोमट वाटतो, पण चाळीस अंशांच्या स्वयंपाकघरात तो तासन्तास तेवढाच कोमट राहतो, आणि त्यात विरजण ओतले की यीस्ट मरते किंवा निर्जीव पडते. यावर सोपा उपाय असा की आले आणि साखर निम्म्याच पाण्यात उकळावी व उरलेले निम्मे पाणी आधीच उकळून फ्रीजमध्ये थंड करून ठेवावे. दोन्ही एकत्र केल्यावर तापमापी तिशीच्या खाली दाखवत असेल तरच विरजण घालावे.

आता बाटलीकडे वळू, कारण येथे चूक झाली तर इजा होते. यीस्ट साखरेच्या वजनाच्या जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार करते. एका लिटरमध्ये दहा ग्रॅम साखर आंबली तर सुमारे पाच ग्रॅम वायू सुटतो आणि चांगला फेस येण्यास तो पुरतो. आपण मात्र गोडीसाठी लिटरला ऐंशी-नव्वद ग्रॅम साखर घालतो, म्हणजे गरजेच्या आठ-नऊ पट इंधन बंद बाटलीत असते. थंड प्रदेशात ही आंच मंद असते. नागपूरच्या मे महिन्यात एका दिवसातच दाब धोक्याच्या पातळीला पोहोचू शकतो. चौकोनी शोभेच्या बाटल्या आणि लोणच्याच्या बरण्या या दाबासाठी बनवलेल्याच नसतात, त्या कितीही देखण्या असल्या तरी वापरू नयेत. कोल्ड्रिंकच्या स्वच्छ धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मला सर्वांत योग्य वाटतात, कारण त्या दाब सहन करतात आणि दाब किती झाला हेही सांगतात. तोंडाशी तीन-चार बोटे जागा सोडून बाटली भरावी आणि दर तीन-चार तासांनी अंगठ्याने दाबून पाहावी. अंगठा रुतेनासा झाला की ती लगेच फ्रीजमध्ये जायला हवी.

आंबवण्यासाठी थर्माकोलचा झाकणाचा खोका आणि त्यात गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या एवढी व्यवस्था पुरते. तापमापीचा वायरवाला सेन्सर खोक्याच्या हवेत लोंबता न ठेवता बाटलीला चिकटपट्टीने लावावा, कारण आंबणाऱ्या द्रवाचे तापमान हवेपेक्षा वेगळे असू शकते. ओले फडके गुंडाळून बाटली कूलरसमोर ठेवण्याची युक्ती कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालते, पावसाळ्याच्या दमट हवेत तिचा उपयोग नाही.

संत्र्याचा रस घालण्याचा मोह नागपूरकराला होणारच. मात्र नागपुरी संत्र्याचा ताजा रस गोड लागला तरी काही तासांनी, आणि उकळल्यास अधिकच, लिमोनिन या त्यातल्या कडू द्रव्यामुळे कडू होतो. शिवाय रसातली साखर दाब वाढवते. म्हणून बिया आणि पांढरे दोरे काढून पिळलेला रस ग्लासात ऐन वेळी घालावा, बाटलीत नव्हे.

एवढी काळजी घेऊनही या पेयात थोडे अल्कोहोल असतेच. तेवढा फेस यीस्टनेच आणला असेल तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा थोडे अधिक. म्हणून ते लहान मुलांना, गर्भवतींना आणि अल्कोहोल वर्ज्य असणाऱ्यांना देऊ नये.

फ्रीजमध्ये यीस्ट मरत नाही, केवळ मंदावते, त्यामुळे तयार बाटल्या आठवड्याभरात संपवाव्यात आणि वीज बराच वेळ गेली असेल तर प्रत्येक बाटली पुन्हा दाबून पाहावी. एखादी दगडासारखी टणक लागली तर ती हिसळू नये आणि गरम असताना उघडू नये, कारण कोमट द्रवातून वायू एकदम उसळतो. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून ती फ्रीजमध्ये रात्रभर थंड होऊ द्यावी, मग तोंड चेहऱ्यापासून दूर धरून झाकण पाव फेरा फिरवावे, फेस वर येताच पुन्हा आवळावे, आणि सुसकारा थांबेपर्यंत हे सावकाश करत राहावे.